वस्तीची गाडी आणि गावातली माणसं : तुमचे अनुभव लिहा

मलप्रभाकाठ
परवा 2011 च्या जनगणनेची गाववार यादी हाताला लागली. बेळगाव जिल्ह्याची माणसं 47 लाख 79 हजारांवर, ते ठीक, मी आमचं गाव शोधत होतो. त्यात बसचा पण रकाना असतोय. गावात बस नसली तर किती लांब मिळते ते लिहितात, पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, नाहीतर दहाच्या वर. ते बघून आमची वस्तीची गाडी आठवली. रात्री यायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे, कुणाच्यातरी घरनं भाकरी-आमटी जायची, सकाळी सहाला खानापूरला सुटायची. दूध, कॉलेजची पोरं, दवाखान्याची म्हातारी माणसं सगळी त्यातच. मग प्रवासी कमी म्हणून बंद झाली. मला विचाराल तर उलटं झालंय. गाडी गेली म्हणून दहावीनंतर पोरांना खोली करून द्यावी लागली, पोरांच्या मागनं आई गेली, मग घराला कुलूप. आता म्हणतात गावात माणसंच कुठायत. तुमच्याकडं कसं झालं?

कणकुंबीची सून
आमच्यात गोव्याला जायचा चोर्ल्याचा रस्ता आहे म्हणून गाड्या दिसतात तरी, पण फाट्यावर उतरून आत चालत जायचं ते कुठल्या रकान्यात? जुलैतला इथला पाऊस माहीत आहे ना सगळ्यांना, छत्री असून नसल्यासारखी. पुतणीला आठवीनंतर घरात बसवणार होते, मीच भांडून तिच्या मामाकडं ठेवली. आता नर्सिंगला आहे.

लोंढा जंक्शन
आमचं सगळं रेल्वेवर ओ. गुंजी, खानापूर, देसूर करत बेळगाव. मीटरगेज होती तेव्हा वडील पॅसेंजरनं भाजीच्या बुट्ट्या न्यायचे

काजूबाग
जनगणनेत महसुली गाव धरतात, वाड्या त्याच्यातच. म्हणजे गावात बस आली की धनगरवाड्याला पण आली असं कागदावर होतंय, आणि तिथनं स्टॉप तासाच्या चालीवर. यावर कुणीतरी नीट लिहायला पाहिजे.

पाटलांची माई
2023 च्या जूनपास्नं कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट झालीय ते चांगलंच झालं बघा. सासूबाई डोळे दाखवायला बेळगावला एकट्या जातात, कुणाकडं पैसे मागायला नको. पण त्यासाठी गाडी यायला पाहिजे की आधी. संध्याकाळची चुकली तर वडापला, म्हणजे खाजगी जीपला, माणशी पैसे मोजा

चंदगडी
माई, आमचं आधार महाराष्ट्राचं, त्यामुळं तुमच्या गाडीत आमच्या बायकांना पूर्ण तिकीट. आमच्या एसटीत अर्धं. बाजार, दवाखाना, लग्नाचं कापड मात्र सगळं बेळगावातच.

रानवाटा
तुमची गाडी गेली, आमच्याकडं कधी आलीच नाही. 2011 ला भीमगड अभयारण्य झालं, मग रस्ता नाही पूल नाही, जंगलाचे नियम. पावसाळ्याआधी तांदूळ-मीठ भरून ठेवायचं, ओढ्यावर लाकडी साकव घालायचा, तो वाहून गेला की घरात. 2024 च्या जुलैत आमगावच्या आजारी बाईला गावकऱ्यांनी खांद्यावरनं आणलं ते सगळ्यांनी मोबाईलवर बघितलं, आमच्यासाठी त्यात नवीन काही नव्हतं, माझी आजी तशीच वाटेत गेली. आता अभयारण्यातल्या तळेवाडीच्या दर घराला 15 लाख देऊन बाहेर आणायचं चाललंय. जे गेले त्यांना मी नावं ठेवणार नाही, पोरांची शाळा बघायला पाहिजे. वडील मात्र नको म्हणतात, देव इथं, शेत इथं.

मलप्रभाकाठ
रानवाटा दादा, आजीचं वाचून वाईट वाटलं ओ. वडिलांचं पण बरोबर आहे. पण पावसाच्या दिवसांत तरी त्यांना खाली आणून ठेवा.

रानवाटा
बघतो. बहीण नंदगडला आहे, तिच्याकडं पाठवायचं म्हणतोय, म्हशींचं कोण बघणार हाच प्रश्न

लोंढा जंक्शन
म्हशी किती आहेत? विकायच्या असल्या तर सांगा, आमच्या भावकीत एकजण बघतोय

पाटलांची माई
कणकुंबीच्या सूनबाई, नर्सिंगला कुठं घातलंय पुतणीला? नातीची बारावी आहे यंदा, हॉस्टेल मिळतंय काय?

कणकुंबीची सून
बेळगावात आहे माई, हॉस्टेल आहे. भाकरी टाकून झाली की सगळं विचारून लिहितो तुम्हाला.