मदत हवी आहे: सेकंडहँड लांब पल्ल्याचं बिझनेस जेट, तिन्हीपैकी कोणतं?

रनवे_शून्यनऊ (धागाकर्ता)
नमस्कार. कंपनीसाठी जुनं जेट घ्यायचंय आणि निवड माझ्या गळ्यात पडली आहे. समोर तीन आहेत: २०१२ चं गल्फस्ट्रीम जी-५५०, २०१३ चं ग्लोबल ६००० आणि २०१० चं फाल्कन ७एक्स. फोटोत तिन्ही चकाचक. माहितीपत्रकं वाचून झालीत, तेच परत नको. कोणतं घेऊ एवढंच सांगा. ब्रोकर रोज फोन करतोय, शक्यतो आजच सांगा.

सांजवारा
कुठून कुठे जायचं? माणसं किती? वर्षाला किती तास उडणार? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

रनवे_शून्यनऊ
लांब पल्ल्याचं म्हटलंय ना. आठ जण.

बोरोस्कोप
लांब म्हणजे किती लांब? कागदावर ७एक्स ५,९५० नॉटिकल मैल, ग्लोबल ६,०००, जी-५५० ६,७५०. हे आकडे मोजके प्रवासी आणि बिनवाऱ्याची हवा धरून असतात.

रनवे_शून्यनऊ
लंडन–सिंगापूर, दोन्ही बाजूंनी, मधे न उतरता. मला वाटलं कळलं असेल.

बोरोस्कोप
हे कसं कळणार, दादा? सरळ अंतरच ५,९०० च्या आसपास. सिंगापूरला जाताना वारा पाठीशी असतो, येताना नाकावर. हिवाळ्यात परतीला ७एक्स इंधनासाठी मधे उतरणार, ग्लोबलचाही भरवसा नको. जी-५५० घ्या, विषय संपला.

त्रिइंजिनी
विषय कसला संपला? ७एक्सला तीन इंजिनं आहेत, समुद्रावर मध्यरात्री तिसऱ्या इंजिनाची किंमत कळते. शिवाय ७एक्सला लंडन सिटी विमानतळाची मान्यता आहे. तिथे नेहमीच्या तीनऐवजी साडेपाच अंशांच्या कोनात उतरावं लागतं, ते सगळ्यांना जमत नाही. मी फाल्कनवरच वर्षं काढली आहेत, हाताला इतकं हलकं दुसरं विमान नाही.

जुनाजाणता
तेच फाल्कन ना, जे २०११ च्या मे महिन्यात सगळंच्या सगळं जमिनीवर बसवलं होतं? उंचीवरून खाली येताना नाक आपोआप वर गेलं आणि वैमानिकाने विमान कुशीवर कलवून ते खाली आणलं.

त्रिइंजिनी
कारणही सांगा की मग. शेपटीच्या आडव्या पंखाचं नियंत्रण करणाऱ्या युनिटमध्ये सोल्डरिंगचा दोष होता. बदल करूनच विमानं परत उडाली. इतक्या वर्षांनी तेच काय उगाळायचं?

अवकाळी
मुळात विकत का घेता? चार्टर करा, म्हणजे लागेल तेव्हा भाड्याने घ्या. हँगर, विमा, वैमानिकांचे पगार, विमान उभं असलं तरी खर्च चालूच. वर्षाला दोनशे तासही उडणार नसाल तर मला हे पटत नाही.

रनवे_शून्यनऊ
घ्यायचं ठरलंय, त्यावर चर्चा नको. सिटी विमानतळाचं बरं आठवलं, साहेबांना तिथेच उतरायचंय.

सांजवारा
अहो, हे आत्ता सांगताय! सिटीची धावपट्टी १,५०८ मीटर. पूर्ण वजनाच्या ७एक्सलाच उड्डाणाला १,७०० मीटरच्या वर लागतात. उतरणं होईल, पण टाक्या भरून तिथून सिंगापूरला निघता येणार नाही. साहेबांना सांगा, सिटी हवं की न थांबता प्रवास हवा. एका विमानात दोन्ही बसत नाही.

मखमल
गाद्या आणि लाकूडकाम नंतर बदललं असेल तर प्रत्येक कापडाच्या, चामड्याच्या ज्वलनचाचणीचे दाखले मागा. ते नसले तर सुंदर केबिन सोलून काढावी लागते. रुंदीला ग्लोबलला तोड नाही, हेही लिहून ठेवते.

जुनाजाणता
मखमलताई, त्यांनी केबिनचं विचारलंच नाहीये. पण कागद मागायचे हे खरं. पहिल्या दिवसापासूनची लॉगबुकं सलग आहेत का? कुठे ठोकर, गंज, दुरुस्ती? इंजिनं तासागणिक पैसे भरायच्या देखभाल प्रोग्रामवर आहेत का? ग्लोबल २०१३ चं, म्हणजे दहा वर्षांची मोठी तपासणी आणि लँडिंग गिअरचं ओव्हरहॉल होऊन जायला हवं. नुसतं 'झालं' म्हणतील. वर्क ऑर्डर बघा, सही कुणाची, सुटे भाग कुठले. मी तर एवढं बघितल्याशिवाय ब्रँडचं नावही काढत नाही.

रनवे_शून्यनऊ
ब्रोकर म्हणतो, खरेदीपूर्व तपासणी विक्रेत्याच्याच हँगरमध्ये करा, वेळ वाचेल.

बोरोस्कोप
अजिबात नको! आजवर ज्यांनी ते विमान सांभाळलं, ते स्वतःच्याच चुका कशाला शोधतील? जागा तुम्ही निवडा, माणूस तुमचा उभा करा. इंजिनांची बोरोस्कोपी, म्हणजे आत बारीक कॅमेरा घालून तपासणी, समोर करून घ्या, पात्यांचे फोटो मागा. अनामत रक्कम एस्क्रोमध्येच, म्हणजे तटस्थ तिसऱ्याच्या खात्यात. विमानांवरच्या हक्कांच्या डब्लिनमधल्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत कुणाचा बोजा आहे का तेही बघा.

रनवे_शून्यनऊ
जी-५५० चे कागद मागवले. सिटीबद्दल साहेबांशी बोललो, सोडतील असं वाटतंय. पण दोन्ही इंजिनांचा प्रोग्राम गेल्या वर्षी बंद केलेला दिसतो. ब्रोकर म्हणतो, घेतल्यावर परत चालू करा.

जुनाजाणता
मधल्या तासांचे पैसे भरल्याशिवाय सहसा परत घेत नाहीत. ती रक्कम प्रोग्रामवाल्यांकडून लेखी मागवा आणि विक्रेत्याच्या नावावर करारात टाका. तोवर सही करू नका, फोन कितीही येऊ देत.