स्पॉटिंग स्कोपसाठी न हलणारा ट्रायपॉड हवाय, बजेट ६-७ हजार (सोलापूर)

हिप्परगा_पहाट
नमस्कार मंडळी, मी सोलापुरातच असतो, पक्षी बघायला लागून चार वर्षं झाली. दिवाळीला साठवलेले पैसे काढून ६५ मिलिमीटर भिंगाचा स्कोप (एका डोळ्याने बघायची दुर्बीण) घेतला, २० ते ६० पट झूम, आयपीस (डोळा लावायची बाजू) तिरका, वजन सव्वा किलोच्या आसपास. सगळे पैसे त्यातच गेले म्हणून ट्रायपॉड ऑनलाइन १४०० चा मागवला, त्यावर ५ किलो पेलतो असं लिहिलेलं, मला वाटलं सव्वा किलोला बास होईल.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा संपली त्या आठवड्यात हिप्परग्याच्या तलावावर गेलो होतो. पलीकडच्या काठाला पट्टकादंबांचा (थंडीत येणाऱ्या रानहंसांचा) थवा बसलेला, अंतर साधारण ३०० मीटर, आणि त्यातल्या एकाच्या गळ्यात हिरवी कॉलर! मंगोलियात या पक्ष्यांना अशा कॉलर घालतात, त्यावर अक्षरं असतात आणि ती वाचून कळवली की तो पक्षी कुठून कुठे आला ते समजतं. मी वीस मिनिटं धडपडलो. पक्षी मधोमध आणून नॉब आवळायचा, हात सोडला की हेड (ट्रायपॉडचा वरचा भाग, ज्यावर स्कोप बसतो) हळूच खाली बसायचं आणि पक्षी वर निघून जायचा. अंदाजाने थोडं वर धरून आवळायला शिकलो तर फोकसच्या चाकाला बोट लागलं की सगळं चित्र थरथरायचं, थांबायला चार-पाच सेकंद, तेवढ्यात पक्षी मान खाली घालून चरायला लागलेला. शेवटी एक म्हातारे मासे धरणारे काका टायर-ट्यूबवरून तिकडे गेले आणि थवा उठला. कॉलर आहे एवढंच कळलं, अक्षर एकही नाही. रात्री झोप लागली नाही खरंच.

आता नीट ट्रायपॉड घ्यायचाय. माझ्याकडे बाईक आहे, गाडी नाही. नान्नजच्या बाजूच्या माळावर दोन-तीन किलोमीटर चालणंही होतं. कार्बन फायबर परवडणार नाही. बॉल हेड (गोळ्यावर सगळीकडे फिरणारं) घ्यावं की दांड्याचं? आणि जड म्हणजे किती जड?

डंपी_लेव्हल
मी सर्व्हेचं काम करतो, २२ वर्षं ट्रायपॉडवरच काढली म्हणा, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. ३०० मीटरवर तुमचा स्कोप नुसता ०.१ अंश खाली बसला तर नेम अर्धा मीटर सरकतो, पट्टकादंब अख्खा जेमतेम पाऊण मीटरचा असतो, म्हणजे कॉलरवरचा नेम थेट पायाजवळ जातो. आणि ४० पटीवर तोच ०.१ अंश डोळ्याला ४ अंशासारखा दिसतो. तेव्हा "हेड हळूच बसतं" ही तुमची तक्रार बारीक नाही, तोच मुख्य रोग आहे.

५ किलो पेलतो म्हणजे तेवढ्या वजनाने मोडत नाही इतकाच त्याचा अर्थ. कडकपणा वेगळा. नळीची भिंत तेवढीच ठेवून व्यास वाढवला तर वाकायला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या हिशोबाने वाढतो, २२ मिलिमीटरच्या जागी २८ चा पाय घेतला तर दुपटीने कडक. म्हणून दुकानात पहिल्यांदा सगळ्यात खालची नळी बघा, वरची सगळ्यांचीच जाड असते. चार तुकड्यांच्या पायापेक्षा तीन तुकड्यांचा बरा, खालची नळी जाड राहते आणि सांधे कमी. मधला दांडा वर काढायचाच नाही, तो वर काढला की तीन पायांच्या ट्रायपॉडवर तुम्ही एका पायाची काठी उभी केली असं समजा.

परीक्षा सोपी आहे. स्कोप लावायचा, ४० पटीवर लांबच्या एखाद्या पाटीवर फोकस करायचा, एका पायावर बोटाने टिचकी मारायची आणि मनात मोजायचं. एक-दीड सेकंदात थांबलं तर घ्या. चारच्या पुढे गेलं तर दुकानदार काहीही सांगू दे, परत ठेवा.

लेन्समामा
ओ हिप्परगा, नवीन कशाला घेऊलालाव ओ? मी लग्नाचं शूटिंग करतो, हे सिझनचं काम, आमच्या लाइनमध्ये आता सगळे लहान कॅमेरे आणि गिंबलवर (कॅमेरा हलू न देणाऱ्या हातातल्या दांड्यावर) गेले. जुने मोठे व्हिडिओ कॅमेरे गेले आणि त्याचे स्टँड मात्र प्रत्येक स्टुडिओच्या माळ्यावर पडलेत, धूळ खात. दोन-दोन नळ्यांचे पाय, मधे पाय जोडणारा स्प्रेडर, वर फ्लुइड हेड. नवीन घ्यायला गेलं तर तुमच्या बजेटच्या दुप्पट-तिप्पट, जुना ओळखीने ३-४ हजाराला सुटतो.

बॉल हेड स्कोपला नकोच. ढिलं केलं की स्कोप एका अंगावर पडतो, दोन्ही हात त्यालाच धरण्यात जातात. फ्लुइड हेडला आतमध्ये घट्ट ग्रीस असतं, त्यामुळे दांडा ढकलाल तेवढंच सरकतं आणि तोल नीट साधला असेल तर सोडलं की तिथेच राहतं, न आवळता. उडता पक्षी त्याच्याबरोबर वळत वळत बघता येतो, नवरीच्या मागे मंडपभर फिरावं लागतं तसं.

पण जुना घेताना तीन गोष्टी बघा. प्लेट (कॅमेऱ्याच्या तळाला लावून हेडवर बसवायची पट्टी) आहे का बघा, दहातल्या सहा जणांची प्लेट हरवलेली असते आणि त्या मॉडेलची नुसती प्लेट शोधत बसायला लागतं. दुसरं, हेड पूर्ण ढिलं करून हळूहळू गोल फिरवा, मधेच अडकून झटका दिला किंवा सांध्यातून तेलकट बाहेर आलेलं दिसलं तर नको. तिसरं महत्त्वाचं, मोठ्या हेडमध्ये कॅमेऱ्याचं वजन तोलायला स्प्रिंग असते, ती ४-५ किलोच्या कॅमेऱ्यासाठी बसवलेली, तुमचा सव्वा किलोचा स्कोप तिच्यावर ठेवून खाली वाकवला की स्प्रिंग त्याला परत वर ढकलणार. म्हणून स्कोप बरोबर नेऊन लावूनच बघा, नुसतं हाताने हलवून "छान आहे" म्हणून पैसे देऊ नका.

तळ्याकाठची
मी शाळेत शिकवते, रविवारी मुलांना घेऊन कंबर तलावावर जाते (संभाजी तलाव म्हणा हवं तर, आमच्या घरी अजून कंबरच म्हणतात). दादा, तुमचा आयपीस तिरका आहे ना, मग अर्धं काम झालंय. सरळ आयपीसला ट्रायपॉड डोळ्याइतका उंच लागतो, तिरक्याला हनुवटीच्या खाली ठेवला तरी चालतो, वाकून बघायचं. जेवढा बुटका तेवढा स्थिर.

मी तर पायांच्या नळ्या बाहेर काढतच नाही. बारकं प्लास्टिकचं स्टूल नेते, बसते, ट्रायपॉड बुटकाच ठेवते, वाराही खाली कमी लागतो आणि पक्षी आपल्याला कमी घाबरतात. पाचवीतली मुलगी उभी राहून बघते, मी बसून बघते, उंची बदलावीच लागत नाही. त्या दिवशी एका मुलीने शेकाट्याचे पाय बघितले आणि "बाई, हे तर आपल्या लाल रिबिनीसारखे" म्हणाली, तिला कुठेही हात न लावता तेवढा वेळ तो पक्षी मधोमध दिसत राहिला म्हणून ते झालं. हलणाऱ्या चित्रात मुलं दोन सेकंदात कंटाळतात आणि "दिसलं बाई" असं खोटंच सांगतात.

आणि स्कोप प्लेटवर पुढे-मागे सरकवून तोल साधा. नॉब ढिला करून स्कोप आडवा राहिला पाहिजे. तुमचं हेड खाली बसतं त्याचं थोडं कारण हेही असेल, स्कोपचं तोंड जड असतं.

नान्नजचा_वारा
लेन्समामांचं सगळं पटलं, वजनाचं सोडून. व्हिडिओचा स्टँड हेड धरून ५-६ किलो भरतो. हिप्परग्याला बाईक काठापर्यंत जाते, तिथे ठीक, पण माळावर सकाळी तो खांद्यावर घेऊन तीन किलोमीटर चाला, दुसऱ्या रविवारी तुम्ही तो घरीच ठेवाल. घरी ठेवलेला ट्रायपॉड कितीही स्थिर असला तरी काय उपयोग. माझं मत, ॲल्युमिनियमचा तीन तुकड्यांचा फोटोचा ट्रायपॉड, २ किलोच्या आतबाहेर, आणि त्यावर लहान फ्लुइड हेड. पाय जुने आणि हेड नवीन असं केलं तर बजेटमध्ये बसतं. पैसे हेडवर जास्त घाला.

लॉक क्लिपचे घ्या, पिळायचे नकोत. आपल्या काळ्या मातीची धूळ पिळायच्या लॉकमध्ये गेली की करकर आवाज येतो आणि मग घट्टच बसत नाही. क्लिप सैल झाली तर ॲलन की ने स्क्रू आवळला की काम झालं. वाऱ्यात सॅक मधल्या हुकाला अडकवा पण लोंबकळत सोडू नका, ती झोके घेते आणि तेच हलणं वर जातं, सॅकचा तळ जमिनीला टेकला पाहिजे.

अजून एक, फेब्रुवारी संपत आला की सकाळी नऊ-साडेनऊनंतर जी थरथर दिसते ती ट्रायपॉडची नाही. जमीन तापली की हवा उकळल्यासारखी होते. ओळखायचं कसं, अख्खं चित्र एकसाथ हललं तर ट्रायपॉड, आणि चित्र जागेवर राहून पक्ष्याच्या कडा पाण्यासारख्या वळवळल्या तर ऊन. तेव्हा झूम २०-२५ वर आणा नाहीतर घरी चला. ६० वर तर ६५ च्या स्कोपला डोळ्यात जाणारा प्रकाशाचा झोत जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा उरतो, अंधुकच दिसणार.

डंपी_लेव्हल
वजनावरून एक सुचलं. आमच्याकडे जुने लाकडी सर्व्हे ट्रायपॉड पडून असतात, लाकूड थरथर छान शोषतं, ॲल्युमिनियमपेक्षा लवकर शांत होतं. पण त्याचा स्क्रू ५/८ इंचाचा, तुमच्या हेडला ३/८ किंवा १/४ लागेल. एमआयडीसीत लूमचे पार्ट बनवणारे लेथवाले आहेत, पितळेचा ॲडाप्टर अर्ध्या तासात काढून देतात, फक्त हेड बरोबर न्या म्हणजे आटे जुळवून देतील. चालायचं नसेल, काठावरच बसायचं असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही. पाय मातीत दाबून रोवायला टोकं असतात, पायाने दाबायचं, वर पाणसळ लावून सरळ करायचं.

तळ्याकाठची
आणि माळावर अगदी काहीच न्यायचं नसेल त्या दिवशी ज्वारीची पिशवी. खरंच सांगते. जुन्या जीन्सचा पाय कापून शिवला, आत दीड किलो ज्वारी, बाईकच्या सीटवर ठेवायची, वर स्कोप दाबून बसवायचा. वाळू भरू नका, जड होते आणि शिवणीतून निघते. बाईक मधल्या स्टँडवर लावा, साइड स्टँडवर डुलते.

हिप्परगा_पहाट
सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितोय कारण एक महिना शोधाशोधीतच गेला.

लेन्समामांनी सांगितलं तसं तीन स्टुडिओंच्या माळ्यावर चढलो. पहिल्या दोन ठिकाणी प्लेट नव्हती. तिसऱ्या ठिकाणी मोठा स्टँड होता, स्कोप लावला तर स्प्रिंगने अगदी मामा म्हणाले तसंच वर ढकलला. पण त्याच काकांकडे फोटोचा एक जुना ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड निघाला, तीन तुकड्यांचा, खालची नळी २३ मिलिमीटर भरली (मी पट्टी घेऊनच गेलो होतो), एक क्लिप सैल, ती जागेवरच आवळून दिली. १८०० ला दिला. लहान फ्लुइड हेड पुण्याहून भाच्याने आणलं, ४२०० चं. दोन्ही मिळून तीन किलोच्या आत आहे, बाईकला टाकीवर आडवा नाही, सॅकच्या बाजूला उभा बांधतो.

टिचकीची परीक्षा हिप्परग्यालाच केली. पाण्याची पातळी मोजायची जी रंगवलेली पट्टी आहे तिच्यावर ४० पटीने लावला, पायांच्या नळ्या बाहेर न काढता, खाली सतरंजीवर बसून, सॅक जमिनीला टेकवून. टिचकी मारली, एक, आणि दोन म्हणायच्या आत आकडा थांबला. मग फोकसचं चाक फिरवलं, आकडा जागेवर. तीन-चार वेळा उगाच हात सोडून बघितलं, हेड बसत नाही. खूप बरं वाटलं.

पट्टकादंब मात्र मार्चमध्येच गेले. कॉलरवाला परत दिसला नाही, आता येत्या थंडीत वाट बघणार.

काल सकाळी साडेसहाला नान्नजच्या अलीकडे माळावर बसलो होतो. धाविकाची जोडी, दीडशे मीटरवर. मादी की नर ते कळत नाही, पण एक जण चार पावलं पळायचा, थांबायचा, खाली वाकायचा. ३० पटीवर त्याच्याजवळची ढेकळं बघत गेलो, दोन ढेकळांच्या मधे एक ढेकूळ श्वास घेत होतं. पिल्लू होतं. पाठीवर मातीच्याच रंगाचे ठिपके, चोच उघडी. मोठ्या पक्ष्याने त्याच्या चोचीत काहीतरी ठेवलं, बहुतेक वाळवी. वीस मिनिटं मी हेडला हातसुद्धा लावला नाही.

@नान्नजचा_वारा, नऊ वीसला कडा वळवळायला लागल्या, तेव्हा उठलो.

लेन्समामा
भारी झालं की ओ. हेडच्या सांध्याला दर महिन्याला कोरडा ब्रश मारत जावा, तेल घालू नका. आणि पुढच्या रविवारी मीबी येतो, पिल्लू असेल तर बघू, लांबूनच.