दीवला निवांत चालत फोटो काढायचेत, कुठून कुठे फिरू?

रावपुरावाली: दिवाळीनंतर आम्ही बडोद्याहून दीवला चाललोय, सोबत आई आहे. वॉटर स्पोर्ट्स वगैरे काही नको, फक्त समुद्रकाठाने हळूहळू चालायचं आणि फोटो काढायचे. सगळे नागवा बीच, नागवा बीच करतात पण तिथे गर्दी असते म्हणे. आणि सकाळी कुठे, संध्याकाळी कुठे ते पण सांगा ना.

लेन्सवाला: नागवा सकाळी लवकर जा, तेव्हा बरं असतं, आणि तिथली होका झाडं नक्की काढा, ताडासारखीच पण खोडाला मधूनच फांद्या फुटलेल्या, आपल्याकडे अशी दिसत नाहीत. खरी चालायची मजा जालंधर बीच ते चक्रतीर्थ बीच. तिथे टेकडीवर आयएनएस खुकरी या नौदलाच्या युद्धनौकेचं स्मारक आहे, ९ डिसेंबर १९७१ ला बुडाली ती, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. तिथे जरा सेल्फी आवरा एवढंच म्हणेन. किल्ला बेटाच्या पूर्व टोकाला आहे त्यामुळे सकाळी समुद्राच्या बाजूला छान ऊन, आणि संध्याकाळी जेट्टीवरून पाणकोठा (पाण्यातला छोटा किल्ला) काढा, आपल्या मागून ऊन येतं आणि दगड पिवळाधमक दिसतो.

दांडियाबाजार: गंगेश्वर मंदिर विसरू नका, फुदम गावाला. खडकात पाच शिवलिंगं आहेत, भरतीच्या लाटा थेट त्यांच्यावर येतात. पण भरती बघूनच जायचं, रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा येते, त्यामुळे कोणीतरी परवा सांगितलेली वेळ धरून गेलात तर कोरडे दगड बघून याल 😄 आणि पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात, आईला धरून न्या.

रावपुरावाली: अरे वा! दुपारी काय करायचं मग? आणि खुकरीचा चढ आईला झेपेल का, गुडघे दुखतात तिचे.

लेन्सवाला: चढ छोटाच आहे, नाहीतर रिक्षा वरपर्यंत जाते. दुपारी नायडा गुंफा, छतातल्या भोकांतून ऊन खाली उतरतं, ते दुपारीच जमतं. लेन्सवर खारा थर बसतो, कोरड्या फडक्याने घासू नका हं, चरे पडतात, आधी ओलसर कापड फिरवा.

दांडियाबाजार: आणि परत येताना दारूच्या बाटल्या आणू नका कोणाच्या सांगण्यावरून, गुजरात हद्दीत चेकिंग असतं 😅