रंगीत पाण्याची छायाचित्रे: आपले अनुभव

प्रवासात निसर्गतः रंगीत असलेले पाणी डोळ्यांना दिसते तसे छायाचित्रात क्वचितच उतरते. आपल्या बेळगाव भागातील मंडळींनी असे पाणी कोठे पाहिले, ते टिपताना कोणती अडचण आली आणि तिच्यावर काय उपाय केला, हे सविस्तर लिहावे, ही विनंती. प्रारंभ मीच करतो; प्रत्येक अनुभवाच्या वर लिहिणाऱ्याचे गाव दिले आहे.

बेळगाव
गोकाकचा धबधबा मी लहानपणापासून पाहत आलो आहे. जुलै-ऑगस्टमध्ये घटप्रभा वरची तांबडी माती घेऊन येते आणि ५२ मीटर उंचीच्या कड्यावरून ते गढूळ, विटकरी पाणी कोसळते, तेव्हा तोच रंग त्या धबधब्याचे खरे वैभव असतो, असे माझे मत आहे. परंतु कित्येक वर्षे माझ्या छायाचित्रांत तो फिकट, राखाडीच येत असे. चौकटीत तांबूस रंग अधिक भरला की कॅमेऱ्याचे स्वयंचलित व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या छटेनुसार रंग जुळवणारी सोय) त्याला उजेडाचा दोष समजून निळसर छटा मिसळते, हे कारण फार उशिरा उमगले. आता मी ते ‘क्लाउडी’वर, म्हणजे ढगाळ उजेडासाठीच्या पर्यायावर, स्थिर ठेवतो, छायाचित्र रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने रंगसंस्कार न केलेल्या मूळ रूपात) घेतो आणि काठावरचा खडक मुद्दाम चौकटीत येऊ देतो, म्हणजे घरी रंग जुळवताना आधार मिळतो. तुषारांनी भिंग सतत ओले होते, त्यामुळे मऊ सुती फडके खिशात हवेच.

निपाणी
जून २०२० मध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाल्याची छायाचित्रे पाहून जीव कासावीस झाला होता. पण करोनाच्या निर्बंधांमुळे त्या दिवसांत कोगनोळीची राज्यहद्द ओलांडून बुलढाण्यापर्यंत जाणे आम्हाला शक्य नव्हते. पुढे एका हिवाळ्यात गेलो, तर पाणी हिरवट. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत तो गुलाबी रंग हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे आढळले होते. बाष्पीभवनाने पाणी घटून क्षारता वाढली की ते फोफावतात, हे वाचल्यावर निराशा ओसरली. संगणकावर गुलाबी रंग चढवणे सोपे होते, परंतु “बाबा, आपण पाहिलं ते हिरवंच होतं,” असे मुलीने म्हटल्यावर छायाचित्र तसेच ठेवले.

खानापूर
लडाखच्या पँगाँग सरोवरावर, ४,२०० मीटरांहून अधिक उंचीवर, भर दुपारी पाण्यावर नुसती चकाकी येत होती. पोलरायझर फिल्टर (चकाकी कमी करणारी, भिंगावर लावायची काच) हळूहळू फिरवला तशी ती मावळली आणि उथळ काठाचा हिरवट-निळा रंग तळाच्या गोट्यांसह स्पष्ट झाला. ढग आला की मात्र तेच पाणी क्षणात करडे होई. त्या दहा मिनिटांतील तिन्ही छायाचित्रे सासूबाईंनी ओसरीवर ओळीने लावून घेतली आहेत.