कागदाआधी पिलाची आई बघा
लातूरच्या ताईंना कारवान या शिकारी जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घ्यायचंय आणि विकणारा म्हणतोय, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे) कागद देतो, नांदेडच्या बसस्टँडवर पिल्लू आणून देतो. ताई, असं घेऊ नका. ताईंच्या प्रश्नावर इथं एकांनी कागद असले की बास म्हटलंय, ते मला पटत नाही. कागदावरचा मायक्रोचिप नंबर पिलाच्या अंगातल्या चिपशी जुळतो का, हे स्कॅनर असलेल्या डॉक्टरांकडून बघून घेतल्याशिवाय त्या कागदाला अर्थ नाही.

विकणाऱ्याच्या घरी जा, पिलाची आई बघा. कारवान जात्याच सडपातळ, बरगड्या थोड्या दिसणारच. पण केस झडलेले, डोळ्यांत चिपडं, मालकानं हात उचलला की अंग चोरते, असं दिसलं तर सरळ माघारी फिरा. पिल्लं अंगणात सोडायला लावा आणि कशी पळतात ते बघा.

केंद्राच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडरची (कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याची) राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ती दाखवायला सांगा.

आणि चांगला ब्रीडर उलट तुम्हालाच विचारतो: फ्लॅट आहे का शेत, पळायला जागा किती, दिवसभर घरी कोण असतं? पैशाआधी हे विचारणाऱ्याकडूनच मी पिल्लू घेईन.