कुरडयांवर कुंडीचं पाणी

माई, ए-१०२ (सकाळी ८:१२): नमस्कार. या महिन्यात तिसऱ्यांदा लिहितेय. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, काल पहाटे चीक शिजवून कुरडया घातल्या. आज सकाळी त्यांच्यावर वरून मातीचं पाणी. खाली अंथरलेलं धोतर पार लाल झालंय. कुंड्या कोणाच्या ते सगळ्यांना माहीत आहे, मी नाव घेत नाही.

नाना, बी-४०१: सुप्रभात. प्रत्येक कुंडीखाली ताटली हवी. गेल्या वार्षिक सभेत हा ठराव मंजूर झालेला आहे.

वहिनी, ए-३०२: माई, नाव घ्या की. कुंड्या माझ्याच आहेत. मनापासून माफी मागते. पण मी सकाळी साडेसातला निघते, रात्री नऊला येते. दोन-तीन दिवसांनी एकदा पाणी घालायला मिळतं. तेही बंद केलं तर या उन्हात झाडं जातील.

माई, ए-१०२: तीन दिवसांचं पाणी एकदम ओततेस, म्हणून तर खाली येतं. आणि वाळवण मी हौस म्हणून गॅलरीत घालत नाही. टाकीच्या त्या प्रकारानंतर गच्चीला कुलूप लागलं, तेव्हापासून मला दुसरी जागाच नाही.

सेक्रेटरी: माई, कुलूप कमिटीच्या निर्णयाने लावलंय. तो विषय इथे नको.

दादा, बी-१०१: मातीतल्या कुरडया म्हणजे एकदम सेंद्रिय 😄

माई, ए-१०२: तुझी आई काल पहाटे पाचला माझ्यासोबत सोऱ्या दाबत होती. तिला दाखव हा मेसेज.

दादा, बी-१०१: चुकलो माई. 🙏

आप्पा, ए-४०२: वहिनी, एक विचारतो. पाणी घातल्या घातल्या लगेच खालून बाहेर येतं का?

वहिनी, ए-३०२: हो आप्पा. वरून ओतलं की अर्ध्या मिनिटात खाली धार. मला वाटायचं म्हणजे कुंडी पूर्ण भिजली.

आप्पा, ए-४०२: तिथेच तर गोम आहे. कुंडी भिजलेलीच नाही. माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पार कोरडं पडलं की आकसतं आणि कुंडीच्या कडेपासून सुटतं. मध्ये बोटभर फट राहते, पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. आतला गोळा कोरडाच. तुमचं झाड तहानलेलं आणि माईंच्या कुरडया भिजलेल्या, दोन्ही एकाच कारणाने. आमच्या दिंडोरीच्या मळ्यात ड्रिपच्या नळ्या कशासाठी असतात? पाणी हळू गेलं तरच मुळाशी मुरतं.

आप्पा, ए-४०२: आज रात्री असं करा. मोठ्या टबात अर्धा टब पाणी घ्या. एकेक कुंडी त्यात अर्धा तास ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढा आणि बाथरूममध्येच निथळू द्या. मोठी कुंडी उचलणार नसाल तर वरची दोन बोटं माती खुरप्याने मोकळी करा, आधी एकच तांब्या घाला, दहा मिनिटं थांबा, मग दुसरा. एकदा माती पुन्हा फुगून कडेला चिकटली की पाणी धरायला लागते.

नाना, बी-४०१: चांगली माहिती. तरीही प्रत्येक कुंडीखाली ताटली हवी.

ताई, सी-२०३: नाना, मी विरोध करणार. ताटलीत पाणी साठलं की डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो. या हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. गणपतीच्या आधी सी विंगमधे काय झालं ते विसरलात का?

नाना, बी-४०१: सी विंगच्या डासांचा उगम जिन्याखालच्या टायरमध्ये होता, कुंड्यांत नाही. हे मी तेव्हाही लिहिलं होतं.

सी-३०१: टायर आमचे नव्हते, हे मीही तेव्हाच लिहिलं होतं.

सेक्रेटरी: कृपया टायर नको.

ताई, सी-२०३: ताटली ठेवायचीच असेल तर जाड वाळूने भरा, म्हणजे उघडं पाणी राहत नाही. नाहीतर आठवड्यातून एकदा ओतून, घासून कोरडी करा. नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. पुन्हा पाणी लागलं की अळ्या होतात.

नाना, बी-४०१: म्हणजे ताटली हवीच. वाळूसह.

काकू, सी-३०४: आप्पा, विषय निघालाच आहे म्हणून विचारते. माझ्या मोगऱ्याला यंदा कळीच नाही. पानं मात्र हिरवीगार. काकूंकडे बघा म्हणून सगळे मोगऱ्याचं रोप मागायला यायचे, यंदा मलाच लाज वाटते.

आप्पा, ए-४०२: जानेवारी-फेब्रुवारीत छाटला होता?

काकू, सी-३०४: नाही हो, नातवाच्या मुंजीत राहूनच गेलं.

आप्पा, ए-४०२: मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटीवर. माघात आठ-दहा दिवस पाणी तोडायचं, पानं मलूल झाली की एक तृतीयांश छाटायचं, उरलेली पानं ओरबाडून काढायची, माती उकरून दोन मुठी शेणखत घालायचं आणि मग पाणी चालू. तीन-चार आठवड्यांत कळ्यांनी भरतो. आता ऊन चढलंय, पाणी तोडण्याची जोखीम घेऊ नका. नुसते शेंडे चार बोटं खुडा, खत द्या, कुंडी पूर्ण उन्हात ठेवा. चैत्र सरेपर्यंत फुलं मिळतील. आणि युरिया घालत असाल तर बंद. पानं त्याचीच आहेत.

काकू, सी-३०४: जावयाने आणून दिला होता. बंद करते.

वहिनी, ए-३०२: आणि गुलाब? माळी म्हणाला गुलाबही आताच छाटतो.

आप्पा, ए-४०२: अजिबात छाटू देऊ नका! गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडे पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. आता उघड्या फांद्या उन्हाने करपतील. फक्त सुकलेलं फूल पाच पानांच्या पहिल्या डहाळीपर्यंत कापायचं. नाशिकचं जुनं नाव गुलशनाबाद, आणि आपल्याच गॅलऱ्यांतले गुलाब मार्चमध्ये ठुंठे होतात, हे बघवत नाही मला.

दादा, बी-१०१: आप्पा, माझ्या जास्वंदीवर पांढरा कापूस आलाय. थट्टा नाही, खरंच.

आप्पा, ए-४०२: पिठ्या ढेकूण. आधी जोराच्या पाण्याने धुवा, पण खाली माई आहेत हे लक्षात ठेवून, बाथरूममध्ये नेऊन.

दादा, बी-१०१: आप्पा, मी बी विंगला, तळमजल्यावर. माझ्याखाली कोणी नाही.

आप्पा, ए-४०२: मग अंगणात धुवा. नंतर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब. संध्याकाळी फवारा, उन्हात फवारलं तर पानं भाजतात. आठवड्याने पुन्हा. आणि मुंग्या बघा. ढेकणांना इकडून तिकडे नेतात त्या, त्यांचा रस्ता तोडला नाही तर परत येणार.

सी-३०१: कडुनिंबावरून आठवलं. पाडवा जवळ आलाय. मागच्या वर्षी गेटजवळच्या कडुनिंबाच्या मनगटाएवढ्या फांद्या तोडल्या होत्या काही जणांनी. गुढीला एक डहाळी पुरते. आता कुठे त्याला तांबूस पालवी आलीय, फुलोरा धरतोय.

बी-२०२: "काही जणांनी" म्हणजे मीच ना? फांदी गाडीवर टेकत होती.

सी-३०१: टेकत असली तरी. १९७५ चा झाडांचा कायदा आहे, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तपोवनातल्या झाडांसाठी आपण ग्रुपवर किती पोस्टी टाकल्या? मग आपल्या गेटवरच्या झाडाचं काय?

बी-२०२: तपोवन वेगळं. माझी काच फुटली असती तर भरपाई तुम्ही दिली असती?

सेक्रेटरी: परवानगीचा अर्ज मी करतो. पाडव्यासाठी वॉचमन प्रत्येक घराला एक डहाळी देईल. शिडी कोणी लावू नये.

नाना, बी-४०१: पुन्हा एकदा नम्रपणे. प्रत्येक कुंडीखाली ताटली हवी. ठराव आहे.

माई, ए-१०२: नाना, ताटल्या ठेवल्या आणि बादलीच ओतली तर ताटलीवरून वाहून माझ्याकडेच येणार. आप्पांचं नीट वाचा आधी.

माई, ए-१०२: आणि सेक्रेटरीसाहेब, वॉचमन मागे पाला पेटवतो त्याचं काय? परवा रंगपंचमीला सगळे पंचवटीत रहाडीवर, रंगाच्या हौदात खेळायला गेले, तेव्हा अख्खी दुपार धूर. माझे पापड होते बाहेर. दम लागला मला.

सेक्रेटरी: त्याला दोनदा सांगितलंय. पण बदामाचा पाला रोज दोन गोण्या पडतो, घंटागाडीवाला एवढा घेत नाही. टाकायचा कुठे?

आप्पा, ए-४०२: मला द्या! मनापासून सांगतो, सोनं जाळताय तुम्ही. पाला जाळायला घनकचरा नियमांत बंदी आहे, आणि तो आपल्याला हवाय. चुरडून प्रत्येक कुंडीत दोन इंचांचा थर द्या, खोडाला चिकटवू नका. दुपारी चाचपून बघा, वरची माती तापलेली असते पण थराखालची गार लागते. वहिनींसारखं तीन दिवसांनी पाणी घालणाऱ्याला तर हाच आधार. मार्चपासून जूनपर्यंत आच्छादन असलं तर निम्मी चिंता मिटते. गंगापूर धरणाचं पाणी आहे ते, मे महिन्यात कपात आली की समजतं.

काकू, सी-३०४: एक गोणी मलाही. कोथिंबीर पण लगेच फुलावर जाते हल्ली, तिला पाला घालू का?

आप्पा, ए-४०२: कोथिंबिरीला सावली द्या, पूर्वेच्या गॅलरीत ठेवा. उन्हाळ्यात ती फुलावर पळतेच. त्या कुंडीत भेंडी किंवा गवार लावा, त्यांना ऊन मानवतं. बी रात्रभर भिजवून पेरा. कारलं असेल तर दिवसभर, त्याची साल जाड.

वहिनी, ए-३०२ (दुपारी १:४०): जेवणाच्या सुट्टीत सगळं वाचलं. आज रात्री टब. एक अडचण आहे. सगळ्यात कडेच्या बोगनवेलीत शिंजिराचं घरटं आहे, लोंबणारं, छोटंसं. ती कुंडी हलवता येणार नाही. आणि बहुतेक तीच माईंवर गळते.

ताई, सी-२०३: अगं, पिल्लं आहेत का?

वहिनी, ए-३०२: मादी आत बसलेली असते. चोच तेवढी बाहेर दिसते.

माई, ए-१०२: ती काळ्या-जांभळ्या नराची जोडी ना? सकाळी माझ्या रेलिंगवर येतो तो.

माई, ए-१०२: ती कुंडी हलवू नकोस.

आप्पा, ए-४०२: बोगनवेलीला तसंही पाणी कमीच लागतं, ताण पडला तर उलट जास्त फुलते. तिला दोन दिवसांआड एक तांब्या, हळूहळू. छाटणी पिल्लं उडेपर्यंत नाही. शिंजिर पाच-सहा आठवड्यांत मोकळे होतात.

नाना, बी-४०१: त्या कुंडीखाली तरी ताटली ठेवावी. वाळूसह. माझ्याकडे जास्तीची आहे, वॉचमनकडे देतो.

वहिनी, ए-३०२: घेते नाना. थँक्यू.

वहिनी, ए-३०२ (रात्री १०:५५): सात कुंड्या झाल्या. पहिली ठेवली तेव्हा पाच मिनिटं बुडबुडेच येत होते. उचलताना दुप्पट जड. कढीपत्त्याची माती तर आत हातभर खोल पिठासारखी कोरडी होती, दोन वर्षं मी त्याला पाणी घालतेय असं समजत होते. माई, उद्या सकाळी तुमच्याकडे थेंब आला तर थेट दार वाजवा.

माई, ए-१०२: बरं. कुरडया निम्म्या वाचल्यात. बुधवारी परत गहू भिजवते, शनिवारी पहाटे पाचला घालायच्या. सोऱ्या दाबायला हात लागतील.

वहिनी, ए-३०२: शनिवारी सुट्टी आहे. येते.

दादा, बी-१०१: आई येतेच आहे. मी पाट उचलतो.

माई, ए-१०२: सेक्रेटरीसाहेब, शनिवारी गच्चीची किल्ली?

सेक्रेटरी (रात्री ११:२०): पावणेपाचला वॉचमनकडे ठेवतो. टाकीच्या बाजूला कोणी जाऊ नये.