दाबलं मी, पण बंद केलं कोणी?

घोडबंदरकर:
आमच्या ठाण्याच्या ऑफिसात लिफ्टचं दार बंद करायचं बटण मेलेलं आहे, मेकॅनिकनेच सांगितलं, तरी मी दाबतो आणि दार मिटलं की वाटतं मीच मिटवलं. माहीत असून असं का होतं राव?

वाशीवाली:
मेंदू हात हलवतानाच पुढे काय होणार याचा अंदाज बांधतो, जे घडलं ते जुळलं आणि लगेच घडलं की ‘मी केलं’चा शिक्का. म्हणूनच स्वतःला गुदगुल्या नीट होत नाहीत. २००२ मध्ये हॅगार्ड या मेंदूसंशोधकाच्या टीमने लोकांना बटण दाबायला लावलं, पाव सेकंदाने बीप, तर स्वतःहून दाबल्यावर दाबणं आणि बीप यांतला वेळ कमी वाटायचा आणि डोक्याला चुंबकीय झटका देऊन बोट हलवलं की उलट जास्त वाटायचा!! भारीच ना.

कोपरीचा_बाळ्या:
आणि लिबेट या मेंदूसंशोधकाच्या १९८३च्या प्रयोगाचं काय? मेंदूत तयारी आधी सुरू, ‘आता हलवू’ हे आपल्याला नंतर कळतं. म्हणजे आपण नुसते प्रेक्षक 😅

वाशीवाली:
एवढी उडी नको मारूस. २०१२ ला शूर्गर वगैरे संशोधकांनी दाखवलं की ती ‘तयारी’ म्हणजे मेंदूतले नेहमीचे चढउतार पण असू शकतात, निर्णय असेलच असं नाही. मला तरी हेच जास्त पटतं.